उंब्रियाच्या टेकड्या आणि बटईचा हिशेब



इटलीच्या सहलींच्या जाहिराती आता जिल्ह्याच्या ठिकाणी निघणाऱ्या वर्तमानपत्रांतही येऊ लागल्या आहेत. चित्र ठरलेले असते. टेकडीच्या माथ्यावर दगडी तटबंदीचे गाव, उतारावर द्राक्षवेलींच्या रांगा, मधूनमधून ऑलिव्हची रुपेरी झाडे, खाली एकटेच उभे असलेले दगडी घर आणि त्याच्या अंगणात टेबल मांडून जेवायला बसलेली मंडळी. निवांत खेडे, अस्सल जेवण, जुनी वाइन, अशी ओळ खाली असते.

ते एकटे दगडी घर कोणाचे होते, त्यात राहणारा शेतकरी कुठे गेला आणि जेवणाऱ्या मंडळींकडून पैसे घेतो तो कोण, हे जाहिरातीत नसते. प्रवाशाला त्याची गरजही नाही. आपल्याला आहे. कोरडवाहू कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या माणसाने इटलीच्या टेकड्यांची चौकशी कशाला करावी, असे कोणी म्हणेल. गरिबाच्या ताटातले अन्न श्रीमंताच्या ताटात जाऊन महाग झाले, असे जे थोडे प्रदेश जगात आहेत त्यांत इटलीतला उंब्रिया हा प्रांत आहे. आणि ते महाग झाले तोवर ते पिकवणारे बहुतेक लोक गाव सोडून गेलेले होते. एवढे कारण आम्हाला पुरेसे वाटते.

उंब्रिया इटलीच्या मधोमध आहे. रोमच्या उत्तरेला, समुद्राचा किनारा नसलेला. आकाराने आपल्या बुलढाणा जिल्ह्याहून लहान आणि लोकवस्ती साडेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे बुलढाण्याच्या साधारण एक तृतीयांश. सरकारी मोजणीप्रमाणे सुमारे ७१ टक्के भाग टेकड्यांचा आणि २९ टक्के डोंगराचा. सपाट प्रदेश म्हणून वेगळी नोंदच नाही. पेरूजा हे मुख्य शहर. असिसी, ओर्व्हिएतो, स्पोलेतो, गुब्बिओ, त्रेव्ही, मोंतेफाल्को, ही सगळी टेकडीवर किंवा डोंगराच्या उतारावर चढून बसलेली गावे. मधून तिबर नदी वाहते, तीच पुढे रोमला जाते.

या खोऱ्याशी मराठी माणसाचा एक संबंध आहे आणि तो रक्ताचा आहे. दुसऱ्या महायुद्धात तिबरच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्री लढत होती. १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे पडले. तेव्हा ते एकटे मशीनगनवर धावून गेले आणि ती बंद पाडून तिथेच मारले गेले. वय २२. तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला हा शेतकऱ्याच्या वयाचा पोरगा. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि २०२३ मध्ये मोंतोने या टेकडीवरच्या गावाने त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ उभारले. इटलीच्या लढाईत हिंदुस्थानचे ५ हजार ७०० हून अधिक सैनिक मेले. ते ज्या शेतांतून पुढे सरकले त्या शेतांत तेव्हा बटई चालत होती.

वर गाव, खाली शेत

बटईला इटालियन भाषेत मेत्साद्रिया म्हणतात. शब्दातच अर्धा वाटा आहे. तेराव्या शतकापासून मध्य इटलीत ही पद्धत रुळली आणि उंब्रिया, टस्कनी व मार्के या तीन प्रांतांत ती सर्वात घट्ट बसली. जमीन मालकाची, घर मालकाचे. कुळाने कुटुंबकबिल्यासह त्या घरात राहायचे, जमीन कसायची आणि गहू, तेल, द्राक्षे, वासरे, जे निघेल त्यातला निम्मा वाटा मालकाला द्यायचा. करार साधारण वर्षाचा. मालकाने नोटीस दिली की पिढ्यानपिढ्या राहिलेले घर सोडून बैलगाडीत भांडी घालायची.

जाहिरातीतले एकटे दगडी घर ते हेच. हिंदुस्थानातला शेतकरी गावात राहतो आणि शेतात जातो. तिथे उलटे होते. शेतकरी शेतात राही आणि वर, टेकडीवरच्या तटबंदीच्या आत राही मालक, त्याचा कारकून, धर्मगुरू, व्यापारी, वकील. शेतात पिकलेल्या मालाचा निम्मा भाग दरवर्षी चढण चढून वर जायचा. सहाशे-सातशे वर्षे असा माल वर गेला तेव्हा कुठे ते दगडी चौक, ते कारंजे, ती भव्य प्रार्थनामंदिरे झाली. ओर्व्हिएतोच्या प्रार्थनामंदिराची पायाभरणी १२९० सालची. पेरूजाच्या चौकातले मोठे कारंजे १२७८ मध्ये पुरे झाले. त्याच्या दगडांवर बारा महिन्यांची शेतीची कामे कोरलेली आहेत, अगदी मळणी आणि द्राक्षांच्या तोडणीपर्यंत. शेतकऱ्याला शहरात जागा मिळाली ती अशी, दगडात. 'इंडिया' आणि 'भारत' हे आपल्याकडे नकाशावर दाखवता येत नाहीत, समजावून सांगावे लागतात. उंब्रियात ते डोळ्यांना दिसत होते. वर इंडिया, खाली भारत आणि मध्ये चढण.

निम्म्या वाट्यावरही भागत नसे. मालकाचा कारभारी वही ठेवी. वर्षअखेर हिशेब होई आणि बहुतेक कुळांच्या नावावर काहीतरी देणे निघे, ते पुढच्या वर्षी ओढले जाई. सणाला मालकाकडे कोंबडे आणि अंडी पोचवायची हा शिरस्ता. घरात लग्न ठरवायचे तर मालकाची संमती लागे, कारण सून आली की खाणारे तोंड वाढे आणि लेक गेली की कामाचे हात कमी होत. घराची माणसे किती आणि जमीन किती याचे गणित मालकाला बसवायचे असे. त्या गणितात पुरुषाचे काम १ धरले तर बाईचे काम ०.६ धरायचे, असा कोष्टकच अर्थशास्त्र्यांनी करून ठेवला होता. चूल, मुले, कोंबड्या, डुकरे, शिवाय शेतात पुरुषाबरोबर कापणी, आणि एवढे करून बाई सहा-दशांश! आमच्या मायबहिणींना हे सांगितले तर त्या हसतील, कारण आपल्याकडच्या निंदणी-वेचणीच्या मजुरीचा हिशेब याहून फार वेगळा नाही.

जमिनीच्या तुकड्यावर सगळेच पिकवायचे, कारण खायला तेच. गव्हाच्या पट्ट्यांमध्ये झाडे, झाडांवर चढवलेले द्राक्षवेल, बांधाला ऑलिव्ह. आज प्रवासी ज्याला निसर्गसौंदर्य म्हणतात ती ही मिश्र पिकाची रचना आहे. ती कोणा चित्रकाराने सुचवली नव्हती, निम्म्यात पोट भरायच्या काळजीने बसवली होती. पिकलेल्या द्राक्षांची चांगली वाइन मालकाच्या तळघरात किंवा बाजारात जाई. कुळ काय पीत असे? द्राक्षे पिळून उरलेल्या चोथ्यावर पाणी ओतून काढलेले पाणचट पेय. वाइन पिकवणाऱ्याच्या ताटाशी पाणी रंगवलेले, ही गोष्ट कोणत्याही चवदर्शनाच्या कार्यक्रमात सांगत नाहीत.

वाइनचे नाव काढले की आमच्या बहिणींच्या कपाळाला आठी पडते आणि ती पडायलाच हवी. गावोगावची दारूची दुकाने बंद करण्यासाठी ज्यांनी मोर्चे काढले त्यांना आम्ही वाइनचे गुण सांगायला बसलेलो नाही. इथे विषय द्राक्ष पिकवणाऱ्याच्या खिशाचा आहे.

युद्ध संपले तेव्हा कुळे उठली. मळणीच्या वेळी काम थांबवणे, सणाचे कोंबडे मालकाच्या वाड्यावर न नेता इस्पितळाला देणे, असे लढे मध्य इटलीत झाले. पंतप्रधान दे गास्पेरी यांच्या मध्यस्थीने १९४६-४७ मध्ये कुळाचा वाटा ५३ टक्के ठरला. १९६४ च्या कायद्याने तो ५८ टक्के केला आणि नवे बटईचे करार करायला बंदी घातली. उरलेले करार १९८२ च्या कायद्याने खंडात बदलता आले. वरातीमागून घोडे म्हणतात ते हे. १९६४ साल उजाडेपर्यंत टेकड्यांवरची घरे भराभर रिकामी होत होती. तेर्नीचा पोलादाचा कारखाना, पेरूजाचे कारखाने, रोमची बांधकामे, मिलान, कुठेही गेले तरी महिनाअखेर रोख पगार हातात पडे. शेतात वर्षअखेर वही. फेब्रुवारी १९५६ च्या थंडीत तर मध्य इटलीतली ऑलिव्हची झाडे बुंध्यापर्यंत जळाली. ऑलिव्ह पुन्हा धरायला वर्षे लागतात, तेवढा धीर कोणाजवळ? बटईदाराच्या घरात लग्न करून जायला मुली नकार देऊ लागल्या. हे वाक्य आम्ही इटलीविषयी लिहितो आहोत. वाचताना यवतमाळ, अकोला, परभणी आठवले तर तो आमचा दोष नाही.

कुळांनी मालकशाहीला हरवले, असे इतिहासाच्या पुस्तकात लिहिता येईल. आमचे मत वेगळे आहे. वाटा ५० चा ५३ झाला आणि ५३ चा ५८ झाला, पण ज्या मालाचा वाटा करायचा त्याला भाव नव्हता. तोट्यातले ५८ टक्के म्हणजे ५८ टक्के तोटाच. जमीन कोणाची या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत जमिनीवर राहण्यात काही राम उरला नव्हता.

गरिबाचे जेवण

आता ताटाकडे येऊ. उंब्रियात जे जेवण आज पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने वाढतात ते बहुतेक कुळाच्या घरचे आहे.

तोर्ता अल तेस्तो ही गव्हाच्या पिठाची जाड, गोल, चुलीवर भाजलेली भाकर. तेस्तो म्हणजे ती भाजायचा गोल तवा, पूर्वी माती-दगडाचा, आता लोखंडी. गहू मालकाकडे जाऊन संपला की मक्याच्या पिठाची करत. आत पालेभाजी घालून किंवा डुकराच्या मांसाबरोबर खातात. आमच्या घरची कोणतीही बाई ती पाहून पहिल्या घटकेत ओळखेल. रोजचा पाव तिथे बिनमिठाचा असतो. लोक सांगतात, १५४० मध्ये पोपने मिठावर कर वाढवला, पेरूजाने बंड केले, ते मोडले गेले आणि तेव्हापासून लोकांनी पावात मीठ घालणे सोडले. इतिहासकारांना ही पावाची कथा पटत नाही. बंड मात्र खरे आहे आणि पोपने शहराच्या छातीवर बांधलेला रोका पाओलीना किल्लाही खरा. तो एकोणिसाव्या शतकात लोकांनी पाडला. त्याच्या तळघरांतून आता सरकते जिने जातात. मिठाचा कर आणि सत्ता यांचे नाते दांडीच्या चारशे वर्षे आधीचे आहे, एवढे यातून कळते.

मोंतेलेओने दि स्पोलेतो या डोंगराळ गावात फार्रो नावाचे धान्य पिकते. हा आपला खपली गहू, तीच जात. सातारा-सांगलीकडची मंडळी तो आजही पेरतात. तिथे गव्हाच्या नव्या जातींपुढे तो मागे पडला होता, डोंगरात थोडा उरला. २०१० मध्ये त्याला युरोपीय संघाचे संरक्षित नाव मिळाले. त्राझिमेनो तळ्याच्या काठी एक बारीक कडधान्य पिकते, त्याला फाजिओलीना म्हणतात. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ही चवळीच. शेंगा एकदम वाळत नाहीत, रोज हाताने तोडाव्या लागतात, हे चवळी लावणाऱ्याला सांगायला नको. १९५० नंतर मजूर शहरात गेले तशी ती जवळजवळ नाहीशी झाली. काही घरांनी परसातल्या वाफ्यात बी जपले म्हणून १९९० नंतर ती पुन्हा लावता आली. आज ती किलोवर नव्हे, लहान पाकिटांत विकतात.

म्हणजे खपली, चवळी, मसूर, भाकर. कोरडवाहू माणसाचे अन्न. आमच्याकडे ज्वारीची भाकरी गरिबाची होती तोपर्यंत तिला रेशनच्या गव्हाने मारले. आता शहरातले डॉक्टर मधुमेहाच्या रोग्याला ज्वारी खायला सांगतात आणि हॉटेलात भाकरीचा दर पोळीच्या वर लागतो. २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे म्हणून साजरे केले. मग ज्वारी पेरणारा श्रीमंत झाला का? पेरा किती उरला ते तुम्हीच पाहता आहात.

द्राक्षाचे नाव आणि नावाचा मालक

उंब्रियात भाव मिळाला तो कशाने? जमीन बदलली नाही, पाऊस बदलला नाही. मोंतेफाल्को गावाची गोष्ट पाहा. गाव इतके उंचावर की त्याला उंब्रियाचा सज्जा म्हणतात. तिथे साग्रांतीनो नावाचे काळे द्राक्ष शतकानुशतके आहे. इतके तुरट की त्याची साधी वाइन कोणी करत नसे. द्राक्षे वाळवून गोड वाइन करत आणि ती ईस्टरच्या सणाला कोकराच्या मांसाबरोबर पीत. १९६०-७० च्या सुमारास हे द्राक्ष संपत आले होते, वेल काही बागांत उरले होते. मग काही जणांनी त्याची कोरडी वाइन करायला घेतली. १९७९ मध्ये तिला कायदेशीर नाव मिळाले आणि १९९२ मध्ये इटलीतला सर्वात वरचा दर्जा. नियम असा की मोंतेफाल्को आणि शेजारच्या चार गावांच्या ठरलेल्या हद्दीत पिकलेले साग्रांतीनोच हवे, आणि वाइन तीन वर्षांहून अधिक मुरलेली हवी, त्यातले किमान एक वर्ष लाकडी पिंपात. हद्दीबाहेरच्या कोणी तेच द्राक्ष लावून तेच नाव लिहिले तर तो गुन्हा. काही डझन हेक्टरांवरून लागवड सहाशे हेक्टरांच्या वर गेली.

या यशाचे श्रेय ज्यांना दिले जाते त्यात आर्नाल्दो काप्राई यांचे नाव पहिले घेतात. त्यांनी १९७१ मध्ये इथे जमीन घेतली आणि त्यांचा मुलगा मार्को याने १९८८ पासून मिलान विद्यापीठाच्या मदतीने या द्राक्षावर संशोधन करवून घेतले. काप्राई मूळचे शेतकरी नव्हेत, कापडाचे कारखानदार. विद्यापीठाकडून संशोधन करून घेणे, तीन-चार वर्षे माल तळघरात ठेवून पैशाची वाट पाहणे, हे ज्याला परवडले त्याच्याजवळचा पैसा कापडातून आलेला होता. कापूस पिकवणाऱ्यांना आम्ही यावर आणखी काय सांगावे? त्या कारखानदाराला आम्ही नावे ठेवत नाही. त्याने हिंमत केली, द्राक्ष वाचवले, आजूबाजूच्या बागाईतदारांना भाव दिसला. प्रश्न एवढाच की बटईदाराच्या हातात तसे भांडवल सातशे वर्षांत का उरले नाही. उत्तर टेकडीवरच्या चौकात दगडी स्वरूपात उभे आहे.

नाव झाल्यावर टस्कनी, त्रेंतीनो, फ्रिउली अशा दुसऱ्या प्रांतांतली वाइनची घराणी जमिनी घ्यायला आली. एकाने तर कासवाच्या पाठीसारखे, तांब्याने मढवलेले कोठार बांधले आहे. ते पाहायला गर्दी होते.

ओर्व्हिएतोची कथा उलटी आहे. तिथे नाव आधीपासून मोठे. गाव तांबूस मऊ दगडाच्या कड्यावर, पोटात हजाराहून अधिक गुहा. त्या थंड गुहांत पांढरी वाइन मुरत असे आणि ती पोपच्या पंगतीला जाई. १९७१ मध्ये ओर्व्हिएतोला कायदेशीर नाव मिळाले. पण टँकरने वाइन घेऊन बाहेरच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी बाटल्या भरल्या, दुकानांत स्वस्त पांढरी वाइन म्हणून हे नाव ढकलले आणि शेतकऱ्याला टनावारी भाव राहिला. कायदा तोच, प्रांत तोच. एका गावात नावाने भाव वर ओढला, दुसऱ्यात नावाच्या आडून दुसऱ्यांनी माल खपवला. नाव नोंदवले की भाव मिळतो असे जे आमचे कृषी अधिकारी भाषणात सांगतात त्यांनी मोंतेफाल्कोबरोबर ओर्व्हिएतोही पाहून यावे. जातातच परदेशी अभ्यास दौऱ्यावर.

आणि तिथले द्राक्षवाले पूर्ण मोकळे आहेत असेही समजू नये. युरोपात वाटेल तिथे द्राक्ष लावता येत नाही. १९७० च्या दशकात वाइनचे तळे साचले, सरकारने जादा वाइन विकत घेऊन तिची स्पिरिट काढली आणि नव्या लागवडीवर बंदी घातली. आजही परवानगी लागते. आधी अनुदान देऊन पिकवायला लावायचे, मग जास्त पिकले म्हणून पेरणी बंद करायची, हा उद्योग आमच्या सरकारांचा एकट्याचा नाही.

तिबरच्या वरच्या खोऱ्यात चित्ता दि कास्तेल्लोच्या भोवती तंबाखू होतो. पाणी असलेल्या सपाट पट्ट्यात, युरोपीय अनुदानाच्या जोरावर. अनुदान तंबाखूच्या किलोशी जोडलेले होते, ते २००४ च्या सुधारणेनंतर टप्प्याटप्प्याने तोडले आणि २०१० मध्ये संपवले. तंबाखूवाल्यांचे कंबरडे मोडले, कारण त्या तंबाखूला अनुदानाशिवाय दुसरे नाव नव्हते. त्या गावातली तंबाखू वाळवायची मोठी गोदामे रिकामी पडली होती. त्यांतल्या काहींमध्ये १९९० पासून आल्बेर्तो बुर्री या चित्रकाराची चित्रे मांडली आहेत. हा तिथलाच. फाटका बारदाना शिवून त्याची चित्रे करणारा म्हणून जगात गाजला आणि ती चित्रे कोट्यवधींना विकली गेली. आमच्या बाजार समितीत बारदान्याचेही पैसे शेतकऱ्याच्या पट्टीतून कापतात.

पाहुणा शेतावर

आमच्या मते उंब्रियातला सर्वात शहाणा कायदा ५ डिसेंबर १९८५ चा. सगळ्या इटलीला लागू झाला, २००६ मध्ये त्याच्या जागी नवा आला, पण गाभा तोच राहिला. शेतकऱ्याने आपल्या घरात पाहुण्यांना पैसे घेऊन राहू द्यावे, जेवू घालावे, आपली वाइन, तेल, मसूर विकावे. त्याला हॉटेलवाल्याचे सगळे परवाने नकोत. अट अशी की मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे, आणि ताटातला मोठा भाग स्वतःच्या शेतातला व आसपासचा हवा. उंब्रियात अशी हजारावर शेतघरे आहेत.

म्हणजे दलालाने खाल्लेली मधली सगळी पायरी शेतकऱ्याच्या अंगणात आली. त्रेव्हीचा ऑलिव्हवाला तेल किलोने घाण्यावर विकतो तेव्हा एक भाव, त्याच तेलात बुडवलेला पाव पाहुण्याच्या ताटात वाढतो तेव्हा दुसरा. असिसी ते स्पोलेतो हा ऑलिव्हच्या उताराचा पट्टा २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जगातल्या जपण्याजोग्या शेतीच्या यादीत घेतला. अशा उतारावर यंत्र चालत नाही. बाजारभावाने तेल विकून तो पट्टा कधीच उजाड झाला असता.

पण कायदा १९८५ चा आहे, घरे रिकामी झाली १९५५ ते १९७० च्या दरम्यान. मधल्या काळात पडकी घरे कवडीमोलाने रोमच्या, इंग्लंडच्या, जर्मनीच्या लोकांनी घेतली. ज्या घरात बारा-पंधरा माणसे वहीतले देणे फेडत होती तिथे आता उन्हाळ्यात तीन आठवडे लोक येतात आणि पोहण्याचा तलाव बांधतात. पाहुण्यांचे स्वागत करणाऱ्या शेतघरांतलीही सगळीच जुन्या कुळांच्या नातवंडांची नाहीत. शेतात राबणारे हात तर आता मोरोक्को, आल्बेनिया, रुमानिया इथले आहेत. शेजारच्या लात्सियो प्रांतात जून २०२४ मध्ये भारतातून गेलेल्या एका पंजाबी मजुराचा हात शेतीयंत्रात तुटला. त्याला इस्पितळात न नेता घराच्या दारात टाकून दिले आणि तो मेला. इटलीभर मोर्चे निघाले. अंगणातल्या टेबलाच्या चित्रात हाही कोपरा आहे.

उंब्रियाच्या आग्नेय टोकाला, साडेचौदाशे मीटर उंचीवर कास्तेलुच्चो नावाचे मूठभर घरांचे गाव आहे. खाली मोठे पठार. तिथे बारीक मसूर होतो, इतका पातळ सालीचा की भिजवावा लागत नाही. १९९७ पासून त्याला संरक्षित नाव आहे. इटलीत कॅनडातून येणाऱ्या मसुरीच्या कितीतरी पट भावाने तो जातो. जून-जुलैमध्ये ते पठार लाल, निळे, पिवळे फुलते आणि ते पाहायला गाड्यांची रांग लागते. ती फुले मसुरीची नाहीत, मसुरीतल्या तणाची आहेत. तणनाशक मारत नाहीत म्हणून तण फुलते आणि तण फुलते म्हणून प्रवासी येतात. ज्यांनी आयुष्यभर निंदणीची मजुरी मोजली त्यांना हे ऐकून काय वाटेल ते आम्ही समजू शकतो! ३० ऑक्टोबर २०१६ च्या भूकंपात हे गाव जवळजवळ सगळे कोसळले. खालचे नोर्चा गावही खचले. वर जायचा रस्ता तुटला. पुढच्या वसंतात पेरणीची वेळ आली तेव्हा रस्ता पुरता झालेला नसतानाही शेतकरी ट्रॅक्टरांची रांग करून वर गेले आणि मसूर पेरून आले. घर पडलेले, पण नाव असलेले पीक सोडून जायला कोणी तयार नव्हते. १९५६ साली याच प्रांतातल्या लोकांनी उभी घरे सोडली होती.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये आणि जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये आपल्या देशातले भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. संस्थेच्या नावावर मानांकन झाले की काम संपले असे पुष्कळांना वाटते. आपल्या कायद्यात ते नाव पिशवीवर लिहिण्यासाठी शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. ही नोंद शेतकऱ्यांच्या आधी व्यापाऱ्यांनी केली तर आपल्या ज्वारीचे ओर्व्हिएतो होईल. मराठवाड्यातल्या ज्या कार्यकर्त्यांनी अशी नोंद केली असेल त्यांनी कागद कोणते लागले, किती दिवस गेले आणि नोंदीनंतर क्विंटलमागे भावात फरक पडला का, हे येत्या जिल्हा बैठकीत आकड्यांसह सांगावे. ज्यांच्या गावात खपली, गावरान चवळी किंवा जुन्या ज्वारीचे बी अजून कोणा म्हातारीच्या उतरंडीत आहे त्यांनी ते मूठभर घेऊन यावे.